किती घेतले?

“गाडीतून आवाज येऊन रायला जरासा,” एवढं म्हटलं की पुरे. जागा कोणतीही चालते. पानठेला, जिनिंगसमोर लागलेली गाड्यांची रांग, नाहीतर तेरवीचं जेवण आटोपून निंबाखाली टेकलेली मंडळी. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणारा हात थांबतो आणि चौकशी सुरू होते. “डाव्या अंगानं येते का उजव्या?” “वळवताना येते का गड्ड्यात गेल्यावर?” “ब्रेक दाबला का बंद होते का?” ज्याच्या घरची तेरवी तोसुद्धा सुपारीचं ताट खाली ठेवून विचारतो, “किती किलोमीटर झाली?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी-दिग्रसच्या आमच्या पट्ट्यात हे असंच चालतं. कंपनीचं वर्कशॉप जिल्ह्याच्या ठिकाणी. तिथं गाडी न्यायची म्हणजे दिवस मोडतो, आणि सोयाबीनच्या सोंगणीत मोडायला दिवस असतो कोणाकडं? म्हणून आधी माणसांना विचारायचं, मग गावातल्या मिस्त्रीला, आणि तरीही जमलंच नाही तर यवतमाळ गाठायचं. यातल्या पहिल्या पायरीवर निदान फुकट मिळतं आणि एक सोडून पाच मिळतात. ज्यानं उमेदीत कमांडर जीप चालवली तो म्हणतो पाट्याचा बुश गेला. व्हॅनवाला म्हणतो शॉकप बसला. तिशीच्या आतल्या पोराला मात्र प्रत्येक आवाजात सेन्सरच ऐकू येतो. ज्यानं त्यानं ज्या गाडीवर पैसे घातले, त्या गाडीचा आजार तो दुसऱ्याच्या गाडीत शोधतो, असं माझं निरीक्षण आहे.

तरी या गप्पांतून हाती लागतं ते काही कमी नसतं. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर चाकातून कट-कट आली तर ॲक्सलचा जॉइंट गेलाय. गड्ड्यात खट-खट झाली तर लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा बुश बघायचा. आणि गाडीच्या वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल, गिअर काढून न्यूट्रल केल्यावरही ती तशीच राहत असेल, तर चाकाचं बेअरिंग. हे मला कोणत्याही पुस्तकातून कळलेलं नाही. एका लग्नात वरात यायला उशीर झाला होता, तेव्हा एका निवृत्त एसटी ड्रायव्हरनं ते तोंडानं आवाज काढून दाखवत समजावलं होतं. बाजूला बँड वाजत होता आणि हा माणूस घरघर आणि खरखर यातला फरक सांगत होता.

उन्हाळ्यात सगळ्यांचा विषय एकच होतो: गाडी तापते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. जमीन काळी, डांबर काळं, आणि अरुंद रस्त्यावर पुढं कुटारानं भरलेली ट्रॉली असली की दुसऱ्या गिअरवर रांगत जावं लागतं. समोरून हवा नाही, इंजिनवर जोर मात्र पूर्ण. अशा वेळी जुने काळीपिवळीवाले जो सल्ला देतात तो ऐकताना वेडेपणाचा वाटतो. एसी बंद कर, काचा खाली घे आणि हिटर पूर्ण लाव. पंचेचाळीस अंशांत हिटर! पण त्यात खोट काढायला जागा नाही. हिटर म्हणजे डॅशबोर्डमागं बसवलेला एक लहान रेडिएटरच असतो. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं, आणि पंखा लावला की तेवढी उष्णता इंजिनातून निघून आपल्या पायांवर येते. पाय भाजतात, पण इंजिनाचं हेड वाचतं. मग सावली बघून गाडी उभी करायची आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, निदान अर्धा तास तरी.

हे झाकण म्हणजे लोकांना नुसतं बूच वाटतं. खरं तर त्यातली स्प्रिंग आतलं पाणी दाबाखाली धरून ठेवते, आणि त्या दाबामुळं साधं पाणीसुद्धा शंभरऐवजी एकशे पंधराच्या पुढं जाऊन उकळतं. स्प्रिंग ढिली झाली की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं, बाजूच्या बाटलीतून बाहेर फेकलं जातं आणि मालक म्हणतो, “रेडिएटर लीक हाये वाटते.” रेडिएटर सोडवून वेल्डिंगला जातो, आणि खरा आजार तसाच राहतो. गरम गाडीचं झाकण उघडलं तर दाब एकदम सुटतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. आमच्या भागात हातावर तसे डाग बाळगणारी माणसं आहेत, आणि “थंडी होऊ दे बे गाडी” हे सगळ्यांत पोटतिडकीनं तेच सांगतात.

पण याच जाणत्या मंडळींचा दुसरा सल्ला मला पटत नाही: थर्मोस्टॅट काढून फेकून दे. “थे थंड देशातल्या गाड्यायसाठी असते, आपल्याकडं काय काम त्याचं?” हे वाक्य मी इतक्या ठिकाणी ऐकलं आहे की त्याला गावकीचा ठराव म्हणायला हरकत नाही. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेतला एक वॉल, म्हणजे झडप आहे. इंजिन थंड असेपर्यंत तो बंद राहतो आणि साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडून पाणी रेडिएटरकडं सोडतो. तो अडकला तर गाडी तापते हे खरं, आणि भर रस्त्यात तो काढून घरी पोहोचणं हेही समजू शकतं. पण कायमचा काढला तर पुसाच्या थंडीत, सकाळी दहा अंशांत, इंजिन गरमच होत नाही. आजच्या गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं आत्ताच सुरू झाली, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. आणि मग तोच मालक त्याच पानठेल्यावर दुसरी तक्रार घेऊन येतो: “एव्हरेज कमी झाला राजेहो.”

पाण्याचंही तसंच. दर्यापूरकडचे आमचे साडभाऊ रेडिएटरमध्ये घरच्या बोअरचं पाणी टाकत. दर्यापूर म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतून गेलेला हा पट्टा. तिथलं भूगर्भातलं पाणी खारं आहे हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. जे पाणी माणूस पीत नाही, पिकाला देताना दहादा विचार करतो, ते त्यांनी ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला पाजलं. उघडला तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर बसला होता आणि खालच्या अंगाला धातू खाल्लेला होता. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं टाकायचं, यासाठी लागणारे पैसे त्या नव्या रेडिएटरच्या किमतीपुढं सांगण्यासारखेसुद्धा नव्हते.

यातलं काहीच केलं नाही की मग हेडची गॅस्केट जाते. सायलेन्सरमधून पांढरा धूर, पाणी कुठं गळत नाही तरी कमी होतं, आणि ऑइलची पट्टी काढून बघितली तर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. इथं सगळ्यांचं एकमत असतं: गाडी तिथंच बंद कर, पुढं दामटू नको. रेडिएटरचं झाकण येतं दोन-तीनशे रुपयांना. हेड उतरवायचं, खरादवर, म्हणजे लेथवर, घासून सपाट करायचं, गॅस्केट, ऑइल, कूलंट, लेबर, हे सगळं धरलं तर लहान गाडीतसुद्धा दहा-बारा हजारांच्या खाली कोणी सुटलेला मी बघितला नाही.

बघितला नाही म्हणतो खरा, पण खरा आकडा सांगणारा भेटला तरी कितीदा?

कारण गंमत अशी, की आजार जितका मोकळेपणानं सांगितला जातो तितकंच बिल झाकून ठेवलं जातं. क्लच कसा घसरत होता, कोणत्या चढावर जळका वास आला, गिअरबॉक्स उतरवला तेव्हा प्लेट कशी तव्यावाणी काळी निघाली, हे पंधरा मिनिटं चालतं. मग कोणी विचारलं की “लागले किती?”, तर माणूस खर्ऱ्याची पुडी शोधायला लागतो. “लागले असतीन चार-पाच.” चार आणि पाच यांच्यामध्ये एक अख्खा हजार आहे, आणि एका हजारात आमच्याकडं निंदणाला बायका लावता येतात. पण त्या ‘चार-पाच’च्या पुढं कोणी खोदत नाही. तो शिष्टाचारच झाला आहे.

मी यावर बराच विचार केला आहे, कारण दुकानात बसून लोकांचं बोलणं ऐकणं हाच माझा निम्मा धंदा आहे. बियाणं-खताचं दुकान आहे माझं, त्यामुळं कोणाकडं पैसा आहे आणि कोणाकडं नाही हे मला बिलाआधी कळतं. मोठा आकडा सांगितला तर लोक म्हणतात, “लय पैसा आलेला दिसते,” आणि संध्याकाळी कोणीतरी उसने मागायला येतं. लहान आकडा सांगितला तर म्हणतात, डुप्लिकेट सामान टाकलं असेल. आणि नेमका खरा आकडा सांगितला, आणि तो शेजारच्यापेक्षा दीड हजारानं जास्त निघाला, तर आपण फसलो हे चारचौघांत सिद्ध होतं. शिवाय घरी वेगळा आकडा सांगून ठेवलेला असतो. घरी चार सांगितले तर पानठेल्यावर सहा कसे सांगणार? घर पानठेल्यापासून फार लांब नसतं.

ही सगळी घडी विस्कटली ती एका मॅडममुळं.

मॅडम तांड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. आधी दिग्रसहून एसटी आणि पुढं ऑटो असं करत येत. मग त्यांनी जुनी वॅगन-आर घेतली आणि स्वतः चालवत यायला लागल्या. रस्त्यात काही झालं तर विचारायचं कोणाला म्हणून त्यांनी आमच्या दुकानासमोरच्या बाकावर बसणाऱ्या मंडळींना विचारायला सुरुवात केली. सुरुवातीला सगळे हरखले. सल्ला ऐकून घेणारं नवं माणूस मिळालं की आमच्या बाकाला सण असतो. पण मॅडम सल्ला ऐकायच्या, वहीत लिहायच्या आणि शेवटी मान वर करून विचारायच्या, “भाऊ, किती घेतले?”

“असतीन चार-पाच हजार.”

“चार का पाच?”

“साडेचार समजा.”

“त्यात लेबर किती आणि सामान किती? आणि सामान डब्यातलं का खुलं?”

माणूस दुसऱ्याकडं बघायचा. दुसरा रस्त्याकडं. बाईमाणसाला खोटं सांगावं तर ती परवा दुसऱ्याला विचारणार, आणि मास्तरीण असल्यामुळं तिच्या ते लक्षातही राहणार. एकदा तर त्यांनी क्लचचाच विषय काढला. बाकावर तिघं शेजारी बसले होते, तिघांच्याही गाड्या सारख्याच, आणि तिघांनीही एकाच हंगामात, एकाच मिस्त्रीकडून क्लच बदलून घेतलेला. मॅडमनी एकेकाला चिमटीत धरून विचारलं. एक निघाला साडेचार हजारांचा, एक तीन हजार आठशेंचा, आणि तिसरा सात हजारांचा. सात हजारवाला उठून उभाच राहिला. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता, आणि बाजारात तोही भाव मिळतोच असं नव्हतं. म्हणजे याचा जवळपास एक क्विंटल कापूस क्लचमध्ये गेला होता, आणि शेजारच्याचा अर्धाच.

तो थेट मिस्त्रीकडं गेला. मागोमाग आम्हीही गेलो. अशा वेळी दुकान कोण उघडं ठेवतो?

मिस्त्री पाठीवर पडून एका बोलेरोखाली होता. बाहेर न येताच त्यानं सगळं ऐकलं, आणि तिथूनच उत्तर दिलं. साडेचार हजारवाल्यानं त्याच संध्याकाळी रोख पैसे मोजले होते. सामान चांगल्या कंपनीचं, पण गाडीच्या कंपनीचा शिक्का नसलेलं. तीन हजार आठशेवाल्याची प्रेशर प्लेट भंगारातल्या गाडीची होती, त्याला सांगून टाकलेली. त्यानं बाकावर ते सांगितलं नव्हतं, एवढंच. आणि सात हजारवाल्यानं गाडीच्या कंपनीच्या डब्यातलंच सामान पाहिजे असं बजावून सांगितलं होतं, फ्लायव्हील खरादवर घासून आणलं होतं, आणि पैसे दिले होते ते पुढच्या कापसावर. “तवापासून मी सामानवाल्याच्या शिव्या खाल्ल्या,” गाडीखालून आवाज आला. “आता मले यवतमाळचा दुकानदार उधार देत नाई. ट्रॅव्हल्सवाला पार्सल सोडवाले पैसे मांगते. माह्या पोराची फी तुमचा कापूस निंघेपर्यंत थांबते काय?”

यावर कोणी काही बोललं नाही. सात हजारवाला हळूच म्हणाला, “मंग आंदीच सांगाचं असतं.” मिस्त्री म्हणाला, “तुमी इचारलं काय?”

मला तेव्हापासून वाटतं की आपण ज्याला लूट समजतो त्यातला बराच भाग उधारीचं व्याज असतं. फक्त ते कोणी व्याज म्हणून लिहीत नाही, क्लचच्या किमतीत मिसळून टाकतो. लिहिलेलं बिल नसतं म्हणून ते मिसळता येतं, आणि आपण भाव विचारत नाही म्हणून ते पचतं. मिस्त्री लबाड नाही. लबाडही काही असतात, जुनं ऑइल परत ओतणारे, न बदललेल्या फिल्टरचे पैसे लावणारे. पण त्यांच्यावर उपाय सोपा आहे: काढलेलं सामान परत मागायचं आणि डिक्कीत टाकून घरी न्यायचं. जो द्यायला कुरकुर करतो त्याच्याकडं पुन्हा जायचं नाही. उधारीचा भाव मात्र आपणच आपल्यावर लावून घेतो.

सामान ‘कोणतं’ हाही प्रश्न मॅडमनीच नीट लावला. डब्यातलं म्हणजे गाडीच्या कंपनीच्या नावानं येणारं. त्याखालोखाल, ज्या कारखान्यात ते बनतं त्याच कारखान्याचं स्वतःच्या नावानं विकलेलं. ते बहुतेक वेळा तेवढंच टिकतं आणि स्वस्त पडतं. मग लोकल, म्हणजे नुसता आकार जुळणारं. आणि शेवटी भंगारातलं. ब्रेक, स्टेअरिंग आणि टायमिंग बेल्ट या तीन बाबतीत लोकल टाकू नये, यावर आमच्या मिस्त्रीसकट सगळ्यांचं एकमत आहे. बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत वॉल आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात, आणि मग वाचवलेल्या पाचशे रुपयांचा हिशोब कोणी करत नाही.

बाहेरच्या गॅरेजला चांगलं सामान मिळणं हीसुद्धा आपोआप झालेली गोष्ट नव्हे. कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्याच वर्कशॉपांपुरती राखून ठेवतात, म्हणून ग्राहकाला दुसरीकडं जाताच येत नाही, असं म्हणत भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढं अपिलात गेलं ते गेलंच, पण आमच्या मिस्त्रीसारख्या माणसाचा प्रश्न देशाच्या राजधानीत कोणीतरी कागदावर मांडला होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. अलीकडचा फरक म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. आधी बहुतेक भागांवर तो २८ होता. मॅडमनी हे मिस्त्रीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “बिल घेतलं तर टॅक्स कमी झाला म्हनता येते. इथं बिल कोन घेते?”

कंपनीच्या वर्कशॉपचं बिल मात्र छापील असतं, आणि ते वाचणं हा वेगळा अभ्यास आहे. इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीची निर्जंतुकीकरण फवारणी, अंडरबॉडी कोटिंग. सर्व्हिस ॲडव्हायझर हे इतक्या अदबीनं विचारतो की नाही म्हणायला आपल्यालाच लाज वाटते. यातलं आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती आहे ते आधी बघावं. मॅन्युअल ग्लव्ह बॉक्समध्येच असतं, विम्याच्या कागदाखाली, कोरं करकरीत.

पण वर्कशॉपलाच शिव्या घालून भागत नाही, आणि गावाकडचं तेच खरं असंही नाही. गेल्या पावसाळ्यात मॅडमची गाडी झटके द्यायला लागली. मिस्त्रीच्या पोरानं मोबाइलला जोडायचं छोटं यंत्र लावून कोड काढला: पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथं पेट्रोल नीट पेटत नाही. “कॉइल गेली,” म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग, असं पोरगा म्हणाला आणि नवी मागवायला निघाला. बापानं थांबवलं. कोड सांगतो कुठं बिघडलं ते. का बिघडलं ते सांगत नाही. त्यानं पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावली आणि दुसऱ्याची पहिल्यावर. पुन्हा कोड काढला. बिघाड दुसऱ्यावर सरकला असता तर कॉइल खराब. तो पहिल्यावरच राहिला. मग प्लगची अदलाबदल केली आणि दोषी सापडला तो प्लग. कॉइलपेक्षा किती तरी स्वस्त. यंत्र पोराचं आणि डोकं बापाचं, असं दोन्ही लागतं. मॅडमनी हेही वहीत लिहिलं, आकड्यासकट.

पेट्रोलवरून तर बाकावर भांडणंच होतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून प्रत्येक बिघाडाचं खापर त्याच्यावर फुटतं, पंक्चर सोडून. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकीचा एव्हरेज ६-७ टक्क्यांनी घटेल. म्हणजे अठरा देणारी गाडी सतरावर येईल. ती बाराच देत असेल तर दुसरं काहीतरी बिघडलंय. जुन्या गाडीत रबराच्या नळ्या आणि सील तेवढे तपासत राहावेत. इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत पावसाळ्यात जुनं पेट्रोल साठवून ठेवू नये. बाकी भांडण चालू द्यावं, वेळ बरा जातो.

उंदरांचा विषय मात्र गंभीर आहे. सोयाबीन निघालं की शेतातले उंदीर घराकडं सरकतात आणि बॉनेटखाली ऊब शोधतात. सकाळी गाडी सुरू होत नाही. कोणी म्हणतं वायरीच्या आवरणात सोयाबीन असतं म्हणून कुरतडतात. त्यावर एका शेतकऱ्यानं उत्तर दिलं, “चाला, कोनाले तं आपल्या सोयाबीनची किंमत हाये.” खरं कारण असं की उंदराचे दात जन्मभर वाढत राहतात, त्याला काहीतरी कुरतडावंच लागतं. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, फिनाइल, सगळे उपाय आठवडाभर चालतात. एकच उपाय टिकलेला बघितला आहे: गाडी धान्याच्या पोत्यांजवळ उभी न करणं आणि रोज ती थोडी हलवणं. आणि वायर कुरतडलीच तर अख्खी हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, बदलण्याआधी वायरमनला दाखवावी. जोड मारून काम होतं का ते तोच सांगतो.

रपट्याचं, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाचं, सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. २०२३ च्या जुलैत यवतमाळ जिल्ह्यात पाणी चढलं तेव्हा किती गाड्या नाल्यांत अडकल्या याची गणती नाही. गाडी पाण्यात बंद पडली तर माणूस पहिलं काम करतो ते चावी फिरवण्याचं, आणि तेच करायचं नसतं. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल, तर पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन हातचं जातं. साध्या विम्यात अशा नुकसानीला कंपन्या बहुधा नकार देतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. त्याचा हप्ता भरताना जड वाटतो. मी ते घेतो. टोचन लावून गाडी बाहेर काढायची, प्लग काढून पाणी उडवायचं, मग बघायचं. रपट्यावर पाणी असेल तर मुळात घालायचीच नाही, हे खरं तर आधी म्हणायला हवं होतं, पण आमच्याकडं ते ऐकून घेणारा सापडत नाही.

आणि समृद्धी महामार्गावर जाणाऱ्यांनी टायर बघावा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हापासून गावातल्या गाड्या, ज्यांनी आयुष्यात साठच्या पुढं काटा बघितला नव्हता, त्या तिथं एकशे वीसनं धावायला लागल्या. टायरच्या कडेला चार अंकी आकडा कोरलेला असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसते म्हणून नऊ-दहा वर्षांचा टायर काँक्रीटवर भर उन्हात पळवू नये. हवा टायर थंड असताना भरावी, निघण्याआधी, घरून.

मॅडमची वही आता जाड झाली आहे. लोक आधी तिला हसले, मग घाबरले, आणि हल्ली तिच्याकडं येतात. रेडिएटर, किती. सेल्फ दुरुस्ती, किती. डेंटिंगचा एका पत्र्याचा भाव, रोख किती आणि उधार किती. कोणाचं नाव त्यात नाही, गाडी आणि आकडा एवढंच. मिस्त्रीला आधी राग आला. मग त्याच्या लक्षात आलं की वही बघून आलेला माणूस घासाघीस करत नाही, आणि रोखीचा भाव वाचल्यावर निम्मे लोक रोखच देतात. सात हजारवालासुद्धा त्याच्याचकडं जातो, फक्त आता आधी पैसे मोजतो आणि मग गाडी सोडतो.

माझ्या गाडीचा क्लच अलीकडं उंच धरायला लागला आहे. घाटात रेस वाढते, वेग वाढत नाही. बाकावर चौघांनी बघितली, चौघंही म्हणाले प्लेट, आणि या वेळी मतभेद नाही म्हणजे खरंच प्लेट असावी. मिस्त्रीकडं गेलो. त्यानं पेडल दाबून बघितलं आणि म्हणाला, दिवाळीनंतर आणा, तोवर चालते. मी विचारलं, किती घेशील?

“मॅडमले इचारा,” म्हणाला आणि बोलेरोखाली शिरला.